हरलेला डाव, तेरावी चाल आणि बिचारं ओपनिंग: स्पर्धेतल्या डावाचा घरी अभ्यास कसा करायचा

दिवाळीच्या सुट्टीत नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये बुद्धिबळाची तीन दिवसांची क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या डावांची, स्पर्धा होती. माझी तेरा वर्षांची भाची तिसऱ्या फेरीत काळ्या मोहऱ्यांनी हरली. बाहेर आली, चपला पायात सरकवायच्या आधीच निकाल देऊन मोकळी झाली. "मामा, हे ओपनिंगच भंगार आहे. आपण किंग्ज इंडियन घेऊ." ओपनिंग म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरीव चाली.

आजूबाजूला बघितलं तर व्हरांड्यातले निम्मे आईबाप हेच ऐकत होते. कुणाची कॅरोकान भंगार, कुणाची सिसिलियन. सोमवारी ओपनिंग बदलायचं, नवा व्हिडिओ कोर्स घ्यायचा, पुढच्या स्पर्धेत तसंच हरायचं आणि पुन्हा ओपनिंग बदलायचं. दोन वर्षांत पाच ओपनिंगं बदललेली पोरं मी पाहिली आहेत. पाचही अर्धवट.

मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. तिथे अंतिम तपासणीत पार्ट रिजेक्ट झाला म्हणून कुणी तपासणीच्या टेबलाला दोष देत नाही. दोष तिसऱ्या ऑपरेशनला पडलेला असतो, दिसतो आठव्याला. डावाचंही तेच. डाव जिथे संपतो, जिथे मोहरा किंवा प्यादं जातं आणि जिथे बिघडायला सुरुवात होते, त्या बहुतेक वेळा तीन निरनिराळ्या चाली असतात. अभ्यास करायचा तो तिसरी जागा सापडावी म्हणून. ओपनिंगचा अभ्यास त्यानंतर आणि त्याच जागेपासून मागे येत. साधारण १२०० ते १७०० रेटिंगच्या खेळाडूला हे जमतं. कोच असेल तर उत्तम, नसेल तरी अडत नाही.

पटावर बसलेलं असतानाच करायचं काम

अभ्यासाचा कच्चा माल म्हणजे स्कोअरशीट, खेळताना चाली लिहायचा कागद. मुलं ती डॉक्टरच्या चिठ्ठीसारखी लिहितात आणि घरी आल्यावर सतराव्या चालीला घोडा नक्की कुठे गेला यावरून भांडतात. नियम साधा आहे: आधी चाल खेळायची, मग लिहायची. घड्याळात पाच मिनिटांपेक्षा कमी उरले की लिहिणं थांबवता येतं असं सगळ्यांना पाठ असतं. पण दर चालीला ३० सेकंद किंवा जास्त वाढीव वेळ मिळत असेल तर ही सवलत नाही, शेवटपर्यंत लिहावंच लागतं. आमच्या स्पर्धेत ९० मिनिटं अधिक दर चालीला ३० सेकंद होते, त्यामुळे पूर्ण डाव हातात आला. रॅपिडमध्ये, म्हणजे कमी वेळेच्या डावांत, लिहिण्याची सक्ती नाही, म्हणून खोलात जाऊन अभ्यास करायला क्लासिकलचाच डाव घ्यावा.

दर पाच चालींनी शेजारी घड्याळात उरलेली मिनिटं टाका. नियमात बसतं. मात्र 'इथे बी५ ची भीती' (बी५ हे पटावरचं घर) असलं काही लिहायचं नाही, कारण ती टिपणं होतात आणि खेळताना टिपणं चालत नाहीत. मूळ कागद आयोजकांकडे जमा होतो. कार्बन प्रत मिळाली तर ती जपा, मिळणार नसेल तर परवानगी घेऊन बाहेर पालकांकडच्या फोनवर फोटो काढा. खेळाडूने खिशात फोन ठेवून आत जायचं नाही, बंद केलेलाही नाही. त्यावरून डाव जाऊ शकतो.

समोरच्याशी दहा मिनिटं

डाव संपला की समोरच्या खेळाडूला विचारा, "बघू या का?" हॉलमध्ये नाही, बाहेर. भाचीसमोर मालेगावहून आलेला एक मुलगा होता, तिच्याहून दोनेक वर्षांनी मोठा. चहाच्या टपरीशेजारच्या कट्ट्यावर पट मांडला. त्याने एक वाक्य असं सांगितलं की पुढचा आठवडा आम्ही त्यावर काढला: "तू सी५ ढकलशील म्हणून मी घाबरलो होतो." भाचीला सी५ दिसलंच नव्हतं.

समोरच्याला काय चांगली चाल होती हे विचारू नका, कशाची भीती वाटली ते विचारा. चांगली चाल घरी इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा संगणक प्रोग्राम, सांगेल. भीती फक्त तो सांगू शकतो. आणि हरलेल्याने इथे 'मी जिंकतच होतो' हे पालुपद लावू नये. समोरचा चहा संपवून निघून जातो.

पहिली बैठक: लाकडी पट, पेन्सिल, फोन दुसऱ्या खोलीत

त्याच रात्री किंवा फार तर दुसऱ्या दिवशी. आठवडा गेला की डोक्यात काय चाललं होतं ते विसरतं, उरतात नुसत्या चाली. इंजिन अजिबात लावायचं नाही. बहुतेक घरांत इथेच घसरतं. मूल घरी येतं, बाबा चाली फोनमध्ये भरतात, तांबडे प्रश्नचिन्ह बघून दोघं हळहळतात, पाच मिनिटांत 'अभ्यास' आटोपतो. उत्तरपत्रिका बघून गणित सुटल्याचं समाधान आणि हे, एकच.

डाव हा असा होता. स्तंभांना डावीकडून ए ते एच म्हणू, पांढऱ्याच्या बाजूने ओळी १ ते ८. प्याद्याच्या चालीला मोहऱ्याचं नाव लिहिलेलं नाही, '×' म्हणजे खाणं, कंसात तो मोहरा कुठून निघाला ते, '०-०' म्हणजे राजाच्या बाजूचं कॅसलिंग. शेजारी पट मांडाच, नुसतं वाचून हाताला काही लागणार नाही.

१. डी४ डी५
२. सी४ ई६
३. घोडा सी३ घोडा एफ६
४. सी×डी५ ई×डी५
५. उंट जी५ उंट ई७
६. ई३ ०-०
७. उंट डी३ घोडा (बी) डी७
८. वजीर सी२ हत्ती ई८
९. घोडा एफ३ घोडा एफ८
१०. ०-० सी६
११. हत्ती (ए) बी१ उंट ई६
१२. बी४ हत्ती सी८
१३. बी५ घोडा (एफ८) डी७
१४. बी×सी६ बी×सी६
१५. हत्ती बी७

पुढे पांढऱ्याने हत्ती, घोडे, वजीर सगळे सी६ च्या प्याद्यावर रोखले. सत्ताविसाव्या चालीला ते प्यादं पडलं. अडतिसाव्या चालीला घड्याळात दोन मिनिटं असताना भाचीने हत्ती अशा घरात ठेवला की पांढऱ्याच्या घोड्याने एकाच उडीत शह दिला आणि हत्तीही धरला. शब्दशः घोडचूक. तिथे राजीनामा.

पेन्सिलने दर चालीपुढे एक अक्षर लिहायचं. 'मा' म्हणजे ही चाल मला माहीत होती. 'मो' म्हणजे मोजून खेळले. 'वा' म्हणजे बरी वाटली. 'भी' म्हणजे भीतीने खेळले. खोटं लिहायला काही मिळत नाही, त्यामुळे मुलं खरं लिहितात. भाचीच्या कागदावर दहाव्या चालीपर्यंत 'मा', आणि मग अकरा, बारा, तेरा सलग 'वा', 'वा', 'वा'. मी काही बोललो नाही. तिनेच हसून म्हटलं, "वा वा काय खेळले!"

मग घड्याळ. ११ ते १५ या पाच चालींना मिळून तिने चार मिनिटं घेतली होती. २६ ते ३० या पाच चालींना एकतीस. म्हणजे निर्णय घ्यायचा होता तेव्हा घाई, आणि प्यादं हातचं गेल्यावर चिंतन. तुमच्या मुलाचे चार डाव असे मांडून बघा, याच्या जवळपासचंच चित्र निघेल असं मला वाटतं.

बिघाडाची जागा शोधणं

या टप्प्याला घाई करू नका, अख्खी संध्याकाळ द्या. आम्ही कारखान्यात 'व्हाय-व्हाय' करतो, म्हणजे दोषाला पाच वेळा 'का' विचारायचं. डावाला तेच लावलं.

हत्ती का गेला? घड्याळात वेळ नव्हता. वेळ का नव्हता? सी६ वाचवण्यात गेला. सी६ एवढं अशक्त का झालं? बी चं प्यादं सी६ वर आलं, बाजूला आधार देणारं प्यादं उरलं नाही. ते तसं का झालं? तेराव्या चालीला पांढऱ्याला सी६ घेऊ दिलं. का घेऊ दिलं?

इथे ती अडली. म्हणून तेराव्या चालीचा पट पुन्हा मांडला आणि मी विचारलं,

"घोडा डी७ ला का नेलास?"

"बी६ वर आणि मग सी४ वर. सी४ भारी घर आहे ना, मामा."

"भारी आहे. पण पुढच्या चालीला पांढरा काय करेल?"

"सी६ घेईल. मग मी बी ने घेईन."

"मग तुझी प्यादी मोज."

तिने मोजली. ए७, सी६, डी५. सी६ च्या मागे पुढे कुणी नाही, समोर सी फाइल (सी चा स्तंभ) उघडी, तिच्यावर पांढऱ्याचा वजीर बसलेला. पंधरा सेकंद ती नुसती बघत राहिली. मग कट्ट्यावरच्या मुलाचं वाक्य आठवलं आणि बोट ठेवून म्हणाली, "सी५."

१३... सी५. बघा, तिचा हत्ती सी८ वर होता आणि उंट ई६ वरून डी५ ला टेकू देत होता. दोन्ही मोहरे जणू याच चालीसाठी ठेवलेले. १४. डी×सी५ आलं तर उंटाने किंवा हत्तीने परत घ्यायचं. डी५ चं प्यादं एकाकी पडतं हे खरं, फुकट काही मिळत नाही. पण सी फाइलवर हत्ती जिवंत होतो, ई४ वर घोडा उडी मारू शकतो, आणि पांढऱ्याच्या बी५ च्या प्याद्याला पुढे आपटायला काही उरत नाही. अशक्त प्यादं दोन्हीकडे आहे, फरक एवढाच की सी६ चं अशक्त प्यादं सांभाळत बसावं लागतं आणि डी५ चं एकाकी प्यादं मोहऱ्यांना जागा मिळवून देतं.

तेव्हा डाव संपला अडतिसाव्या चालीला, प्यादं गेलं सत्ताविसाव्याला, बिघडला तेराव्याला. आणि तेराव्या चालीपर्यंत ओपनिंगने तिचं काही वाकडं केलं नव्हतं.

अशा जागा एका डावात दोन किंवा तीन धरा, जास्त नाही. प्रत्येक जागेसाठी वहीत तीन गोष्टी लिहायच्या: तेव्हा काय वाटलं, आता काय वाटतं, समोरच्याची पुढची चाल काय होती. तिसरी ओळ रिकामी राहिली तर रोग तोच समजा, मग ओपनिंग कोणतंही असो.

आता इंजिन

दुसऱ्या दिवशी डाव लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर 'स्टडी' मध्ये भरला. फुकट आहे, मराठी पालकाच्या हे विशेष लक्षात राहील. एका स्टडीत ६४ प्रकरणं मावतात, म्हणजे वर्षभराचे महत्त्वाचे डाव एकाच ठिकाणी. आधी आपली पेन्सिलची टिपणं तिथे टाइप करा आणि मगच तिथलं इंजिन, स्टॉकफिश, सुरू करा.

इंजिनला 'मी कुठे चुकलो?' असं विचारू नये. ते सोळा ठिकाणं दाखवेल आणि सगळ्यांना सारखंच रंगवेल. आपण शोधलेल्या दोन-तीन जागांवर जाऊन विचारायचं. तीन ओळी उघडा, म्हणजे पहिल्या तीन चाली आणि त्यांचे आकडे शेजारी शेजारी दिसतात. पहिल्या तिन्ही जवळपास सारख्या असतील तर तिथे तुमचं चुकलेलं नाही, चवीचा प्रश्न आहे. एक चाल वर आणि बाकीच्या खाली असतील तर तिथे थांबा.

आकड्यांविषयी. अधिक म्हणजे पांढरा वरचढ, उणे म्हणजे काळा. स्टॉकफिशच्या २०२२ अखेरच्या १५.१ आवृत्तीपासून अधिक एक याचा अर्थ साधारण असा: तोडीस तोड दोन इंजिनं या स्थितीतून खेळली तर त्या बाजूला निम्म्या वेळा विजय. तोडीस तोड इंजिनं! तुमच्या आमच्या पातळीवर अधिक ०.४ आणि उणे ०.४ मधला फरक हा सकाळी मिसळ खाऊन आलात की उपाशी आलात, यातल्या फरकाएवढाच. ०.५ च्या आतल्या चढउतारावर मुलाला रागावू नका.

सगळ्यांत उपयोगाचं काम वेगळंच आहे. तुमची चुकीची चाल पटावर खेळा आणि इंजिन ती कशी खोडून काढतं ते बघा, मग त्याचा आवाज बंद करून तेच मराठीत एका वाक्यात लिहा. 'घोडा डी७ नंतर सी६ ची अदलाबदल होते आणि माझं प्यादं एकटं पडतं.' वाक्य लिहिता आलं नाही तर कळलेलं नाही. समोरचा काय करणार आहे हे दिसत नसेल तर विश्लेषणाच्या पानावर 'एक्स' ची कळ दाबा, पांढऱ्याला सलग दुसरी चाल मिळाली तर तो काय करेल ते बाणाने दिसतं. तेराव्या चालीला हा बाण आधी पाहिला असता तर... असो.

ओपनिंग, शेपटीकडून

आता ओपनिंग. पहिल्या चालीपासून नाही, जिथे 'मा' संपलं आणि 'वा' सुरू झालं तिथून. या डावात अकरावी चाल.

आधी नाव समजून घ्या. हा वजिराचा गॅम्बिट (पांढऱ्याने सी४ चं प्यादं देऊ करणं) नाकारून झालेला एक्स्चेंज प्रकार, ओपनिंगच्या वर्गीकरणात डी३५ आणि डी३६ या क्रमांकांखाली. पण नावापेक्षा प्याद्यांचा सांगाडा महत्त्वाचा. सगळे मोहरे पटावरून उचला, फक्त प्यादी ठेवा. पांढऱ्याची ए२, बी२, डी४, ई३ आणि राजापुढची तीन. काळ्याची ए७, बी७, सी६, डी५ आणि राजापुढची तीन. याला कार्ल्सबाड सांगाडा म्हणतात, त्या गावच्या जुन्या स्पर्धांवरून. गाव आजच्या चेक प्रजासत्ताकात आहे, कार्लोव्ही व्हारी.

नुसती प्यादी बघितली की डाव स्वतःच बोलायला लागतो. पांढऱ्याला सी फाइल अर्धी उघडी, काळ्याला ई फाइल. वजिराच्या बाजूला पांढऱ्याची दोन प्यादी, काळ्याची तीन. अशी कमी प्यादी जास्त प्याद्यांवर चालून जाण्याला मायनॉरिटी अटॅक म्हणतात: बी४, बी५ आणि सी६ वर धडक. अल्पसंख्य असूनही हल्ला का? कारण अदलाबदलीनंतर पांढऱ्याचं काही उघडं पडत नाही, काळ्याचं एक प्यादं लंगडं होतं. भाचीचा डाव म्हणजे या योजनेचं पाठ्यपुस्तकातलं चित्रच, फक्त ती चुकीच्या बाजूला बसली होती.

काळ्याकडे उत्तरं काय आहेत ते वहीत स्वतंत्र पानावर लिहा. आमच्या पानावर चार आली.

अकराव्या चालीलाच ए५. पांढऱ्याला ए३ करून मग बी४ करावं लागतं, आणि ए फाइल उघडली की काळ्याचा ए८ चा हत्ती जागचा न हलता कामाला लागतो.

पांढऱ्याचं प्यादं बी४ वर असताना स्वतःच बी५ ढकलून रस्ता अडवायचा आणि घोडा सी४ वर बसवायचा. भाचीच्या मनातलं घर हेच, फक्त बी५ वर पांढरा आधी पोचला. ए४ ची धडक सोसेल का हे मात्र आधी मोजायचं.

प्यादं बी५ वर आलं की सी५.

आणि चौथं, ज्यात मला स्वतःला जास्त रस आहे: वजिराची बाजू थोडी सोसायची आणि राजाकडे मोहरे न्यायचे. घोडा ई४, उंट डी६. किंवा पांढऱ्या घरांतल्या उंटाची अदलाबदल साधायची, कारण पांढऱ्याचा डी३ चा उंट त्याचा चांगला मोहरा आहे. त्यासाठी एक जुनी वळणाची वाट आहे: घोडा एफ८ वरून ई६, प्यादं जी६, घोडा जी७ आणि मग उंट एफ५. चार चाली लागतात. तेरा वर्षांच्या मुलीला हे सांगितलं तर ती म्हणते, एवढ्यात तो मला खाऊन टाकेल. मी म्हटलं मोज. मोजल्यावर पटलं.

चारांपैकी दोनच निवडा. आम्ही ए५ आणि सी५ घेतली.

त्यानंतर लिचेसचा ओपनिंग एक्सप्लोरर, कुठल्या स्थितीत कोणती चाल किती वेळा खेळली गेली ते दाखवणारा. त्यातले दोन साठे कामाचे. एक मास्टर खेळाडूंचे पटावरचे डाव, दुसरा तिथल्या सर्वसामान्य खेळाडूंचे ऑनलाइन डाव, ज्यात रेटिंग आणि वेळ निवडता येते. काय खेळावं हे पहिल्यात बघायचं, समोर काय येईल हे दुसऱ्यात. नाशिकच्या स्पर्धेत समोर मास्टर नसतो, त्यामुळे मास्टर चौथ्या क्रमांकाने खेळतात ती चाल तुमच्यासमोर पहिल्या क्रमांकाने येऊ शकते. विजयाचे टक्के बघून भुलू नका, आधी डाव किती आहेत ते बघा. अकरा डावांवरचे सत्तर टक्के म्हणजे काहीच नाही.

नवव्या चालीला एक्सप्लोरर एक फाटा दाखवतो: घोडा एफ३ ऐवजी घोडा (जी) ई२. तीच प्यादी, तेच मोहरे, एका घोड्याचं घर बदललं आणि सगळा बेत बदलला. आता एफ चं प्यादं मोकळं आहे, म्हणजे पांढरा एफ३ करून मधून ई४ ढकलणार. याचा नमुना म्हणून एकच डाव पुरे: तेव्हाचा जगज्जेता बोटविनिक विरुद्ध त्या काळचा दिग्गज केरेस, मॉस्को, १९५२ ची सोव्हिएत अजिंक्यपद स्पर्धा. बोटविनिकने हत्ती बी१ वर नेला, जणू मायनॉरिटी अटॅकच करणार. मग एफ३ केलं आणि तोच हत्ती ई१ वर वळवला. विसाव्या चालीच्या सुमारास ई४ ढकललं आणि केरेससारखा खेळाडू पार चिरडला गेला. हा डाव लाकडी पटावर दोनदा खेळा. पहिल्यांदा सलग. दुसऱ्यांदा पांढऱ्याची प्रत्येक चाल झाकून ओळखत. भाचीने अकराव्या चालीनंतर सहापैकी दोन ओळखल्या. माझ्या तीन आल्या, ते तिने अजून विसरू दिलेलं नाही.

सांगाड्यासाठी असे तीन-चार डाव जमवा: एक पांढऱ्याने छान जिंकलेला, एक काळ्याने छान जिंकलेला, एक बरोबरीतला. बरोबरीतला कुणी बघत नाही, आणि काळ्याने सांभाळायचं कसं हे त्यातच असतं.

सापळ्यांची एक गोष्ट. याच ओपनिंगमध्ये ४. उंट जी५ घोडा (बी) डी७ ५. सी×डी५ ई×डी५ नंतर पांढऱ्याने काळ्याचा एफ६ चा घोडा बांधलेला (हलला तर मागचा वजीर जाईल असा) समजून ६. घोडा×डी५ खाल्लं की घोडा×डी५! ७. उंट×डी८ उंट बी४ शह. पांढऱ्याला वजीर मध्ये घालावाच लागतो, आणि हिशेब संपतो तेव्हा काळ्याकडे एक मोहरा जास्त. मुलांना हे फार आवडतं. शिकवा, दहा मिनिटं मजा करा, पण हा ओपनिंगचा अभ्यास नव्हे. समोरच्याने डी५ खाल्लं नाही तर अकराव्या चालीला तुम्ही पुन्हा 'वा'.

मोठ्या खेळाडूंची नक्कल हाही असाच मोह. २०२४ मध्ये टोरांटोच्या कॅन्डिडेट्स स्पर्धेत (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा) आपल्या नाशिकच्या ग्रँडमास्टर विदित गुजराथीने काळ्या मोहऱ्यांनी अमेरिकेच्या नाकामुराला हरवलं, बर्लिन बचावातून, घरून तयार करून आणलेला उंटाचा बळी देऊन. दुसऱ्या दिवसापासून आमच्या भागातली पोरं बर्लिन खेळायला लागली. अभिमान वाटणारच. पण त्या बळीमागे त्या सांगाड्याची किती वर्षांची ओळख आहे ते चालींच्या यादीत दिसत नाही. विदितचे डाव जरूर बघा, आणि बघताना उंट देण्याच्या आधीच्या पाच चाली जास्त वेळ बघा.

हातात बसवणं

वाचून कळलं ते पटावर आठवत नाही. म्हणून तेराव्या चालीची स्थिती मांडून आम्ही दोघं खेळतो, दहा दहा मिनिटांचे डाव. ती काळी, मी पांढरा, मग उलट. उलट खेळणं महत्त्वाचं, पांढऱ्याकडून बसलं की सी५ ची भीती स्वतःला जाणवते. चार डावांत ती दोन हरली, एक बरोबरी, एक जिंकली. मामा नसेल तर लिचेसवर ठरलेल्या स्थितीपासून इंजिनशी खेळता येतं, पातळी खालची ठेवून.

वहीत या ओपनिंगचं एकच पान. डावीकडे प्याद्यांचा सांगाडा हाताने काढलेला. उजवीकडे 'घोडा एफ३ आला तर' आणि 'घोडा ई२ आला तर' असे दोन भाग, प्रत्येकात दोन-तीन ओळी, चाली कमी आणि कारणं जास्त. खाली आपला हरलेला डाव, तारीख, आणि तेराव्या चालीभोवती गोल. फेरीच्या सकाळी फक्त हे पान उघडायचं. सकाळी साडेआठला रिक्षात बसून फोनवर वीस चालींची नवी ओळ पाठ करणारी मुलं दिसतात, ती ओळ द्वारका सर्कलच्या वाहतुकीतच सांडते.

वेळेचं म्हणाल तर एका क्लासिकल डावाला आमचे चार बैठकांत मिळून पाच तास गेले: पेन्सिलची बैठक दीड, इंजिन एक, ओपनिंग दीड, खेळून बघणं एक. शाळा, क्लास सांभाळून महिन्याला असे दोन डाव होतात. जिंकलेला डावही घ्यावा कधीतरी. त्यातल्या चुका समोरच्याने माफ केलेल्या असतात एवढंच.

जानेवारीत नाशिकरोडच्या स्पर्धेत तिला पुन्हा हाच एक्स्चेंज प्रकार आला. अकराव्या चालीला ए५ खेळली. समोरच्या काकांनी बी४ चा नाद सोडून मध्येच ई४ ढकललं, जे आमच्या पानावर कुठेच नव्हतं. बरोबरी झाली. रात्री जेवताना ती म्हणाली, "मामा, पट काढ. आज बारावीपासून 'वा' आहे."